उष्ट्याचं वजन

मी तासिका तत्त्वावरचा.
सोमवारी दोन तास, गुरुवारी एक.
पेपर सक्तीचा, म्हणजे कुणालाच नको असलेला:
पर्यावरण आणि शाश्वत विकास, गुण पन्नास.
फळ्यावर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढतो.
मागच्या बाकावरून आवाज येतो,
सर, चौथं काढा, ऑडी होईल.

यंदा म्हटलं, वर्तुळं पुरेत.
मेसमध्ये जाऊ, ताटात काय उरतं ते मोजू.
कुंभारवेशीतल्या भंगारवाल्याकडून ताणकाटा आणला,
रिकामा असतानाही शंभर ग्रॅम दाखवणारा.
तेवढे वजा करायचे, मी सांगितलं,
आणि वहीत चार रकाने आखून दिले:
वार, पदार्थ, किलो, शेरा.

पहिला आठवडा. भात नऊ किलो.
फ्लॉवर-बटाटा चार.
चपात्या, मधलं खाऊन कडा ठेवलेल्या, अडीच.
भाकरी: काही नाही.
शेरा: भाकरी फक्त बुधवारी असते. बुधवारी पुरत नाही.

भाकऱ्या इरव्वाच्या हातच्या.
हत्तूरहून दोन बस बदलून ती या केगावच्या माळावर येते.
थापते तेव्हा बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या,
वीस-वीसच्या चवडी, त्यात एकही कमी नाही.
विचारलं, मावशी, तुम्ही जेवता कुठं?
म्हणाली, डबा असतोय की.
हितलं आमाला चालत नाय.
मग तव्यावरची उलटून,
म्हंजे आमाला चालतंय वो. त्येनला चालत नाय.

वही श्रीलता मेरगूकडं.
विडी घरकुलातून येते.
अक्षर बारीक, विडीला गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं,
कुठं सुटत नाही.
तिसऱ्या आठवड्यात तिनं पाचवा रकाना आखला,
मला न विचारता.
वर नाव नाही. खाली नुसते आकडे:
सात, नऊ, चार, अकरा.

किलो आहेत का? एकक लिहायचं असतं, मी म्हणालो,
लाल पेन उघडून.
माणसं आहेत सर, ती म्हणाली.
मेसच्या थकबाकीत नाव लागलं की कार्ड बंद.
मग जेवायच्या सुट्टीत वाचनकक्षात बसतात.
तिथं पंखा आहे, गार पाणी आहे,
आणि पुस्तक उघडं असलं की कुणी काही विचारत नाही.

तुला कसं कळलं?
विचारून गेलो.
तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर काटा हातात घेऊन बसलो.
उरलेलं अडकवायला आकडा आहे.
न मिळालेलं कशाला अडकवू?
रिकामा काटा शंभर ग्रॅमवर उभा होता.
तेवढे वजा करायचे,
मीच सांगितलं होतं.

अहवाल गेला, परत आला.
विभागातून पेन्सिलची खूण: पाचवा रकाना काढावा,
नमुन्यात बसत नाही.
भाताचे नऊ किलो मात्र आवडले,
त्यांचं पोस्टर झालं, हिरव्या पानांच्या किनारीचं.

आणि एका बुधवारी
इरव्वा नि श्रीलता चुलीपाशी काही बोलत होत्या,
अर्धं कानडी, अर्धं तेलुगू,
मला कळलं फक्त "वीस".
पीठ कुणाचं, मी विचारलं नाही.
पातळ थापून, मंद आचेवर वाळवून,
वर्तमानपत्रात बांधून ती चवड कुठं गेली
तेही नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात गेलो, संदर्भ हवा होता.
भिंतीवर: शांतता राखा.
आणि खालच्या त्या शांततेत
कडाक्.
मग पलीकडच्या टेबलाशी, कडाक्.
शेंगाचटणीचा वास कपाटांमधून येत होता,
अर्थशास्त्राच्या बाजूनं.
ग्रंथपाल जक्कापुरे यांनी मान वर केली,
चष्मा काढला, पुसला,
आणि बराच वेळ पुसतच राहिले.

वहीत त्या गुरुवारी पाचवा रकाना कोरा.
शेऱ्यात, त्याच बारीक अक्षरात:
आवाज येतो.